घर, स्टुडिओ, पुन्हा घर : संगीत घरी मुद्रित करायला माणसे कशी शिकली

घरी गाणे मुद्रित करणे म्हटले की आज लॅपटॉप, एक मायक्रोफोन आणि कानाला हेडफोन एवढे चित्र डोळ्यांसमोर येते. त्यामुळे हा सगळा प्रकार संगणकाबरोबर आला, असा विद्यार्थ्यांचा सहज समज होतो. प्रत्यक्षात ध्वनिमुद्रण जन्माला आले तेव्हाच ते घरी करण्याजोगे होते. पुढे ते घराबाहेर गेले, स्टुडिओत बंद झाले आणि पाऊणशे वर्षांनी पुन्हा घरी परतले. या प्रवासाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : अमुक साली अमुक यंत्र आले, किंमत उतरली, लोकांनी ते घेतले. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. यंत्र विकत घेता येते, ते वापरण्याचे ज्ञान तसे घेता येत नाही. म्हणून या पाठात आपण विचारणार आहोत तो प्रश्न वेगळा आहे. ध्वनिमुद्रण करणारा माणूस हे काम शिकला कुठे, आणि कोणाकडून?

मेणाचा दंडगोल आणि तबकडी

टॉमस एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्याच्या सुधारित यंत्रांत मेणाचा दंडगोल म्हणजे सिलिंडर फिरत असे आणि एकच यंत्र आवाज टिपतही असे व ऐकवतही असे. कर्ण्यासमोर तोंड धरून गायचे, सुई बदलायची आणि तेच ऐकायचे. वरचा थर तासून काढला की सिलिंडर पुन्हा कोरा. अमेरिकेत आणि युरोपात हौशी लोकांनी मुलांचे बोल, घरातली गाणी, मित्रांच्या थट्टा अशा सिलिंडरवर उतरवून ठेवल्या. आपल्याकडे कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी स्वदेशीच्या काळात सिलिंडरवर ध्वनिमुद्रणे केली. रवींद्रनाथ ठाकुरांचा आवाजही त्यांनी टिपला होता.

एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्याची सपाट तबकडी एका साच्यावरून हजारोंनी छापता येई, सिलिंडरला ते सुरुवातीला जमत नव्हते. बाजारात तबकडी जिंकली याचे हे मोठे कारण. पण तबकडीच्या यंत्राने घरच्या माणसाकडून एक गोष्ट काढून घेतली. घरातला ग्रामोफोन फक्त वाजवायचा होता. मुद्रण करणे हे कंपनीचे काम झाले आणि घरातले सगळे श्रोते झाले. संगीताच्या इतिहासात या बदलाची म्हणावी तितकी नोंद घेतली जात नाही.

ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जान यांच्यासह अनेक कलावंतांचे गाणे मुद्रित केले. त्यासाठी खास बांधलेला स्टुडिओ नव्हता. हॉटेलच्या साध्या खोलीत सामान मांडले गेले. मायक्रोफोनचा काळ अजून यायचा होता. कर्ण्यात शिरलेला आवाजच सुई हलवी आणि सुई मेणावर रेघ ओढी. कलावंताने कर्ण्यापासून किती अंतरावर उभे राहायचे, तान घेताना डोके किती मागे घ्यायचे, साथीचे वाद्य कुठे ठेवायचे, यावर सगळे अवलंबून असे. मेणाच्या मूळ प्रती जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथे तबकड्या छापल्या जात. तिथल्या कामगारांना गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी नाव पुकारण्याची पद्धत होती. गौहर जान यांची इंग्रजीतली ती घोषणा अजून ऐकायला मिळते.

इथे एक बाब ध्यानात ठेवावी. खोली साधीच होती, घरातल्या खोलीसारखी. ज्ञान मात्र गैसबर्गपाशी होते आणि ते त्याच्याबरोबर पुढच्या गावी गेले. कलावंत शिकले ते एवढेच, की दोन-तीन मिनिटांत राग कसा बसवायचा. अर्थात तेही सोपे काम नव्हते.

स्टुडिओतली उमेदवारी

१९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले. मायक्रोफोन आला, ध्वनिवर्धक आले आणि यंत्रसामग्री इतकी महाग व अवजड झाली की ती ठेवायला इमारत लागू लागली. लंडनच्या ॲबी रोडवरचा ईएमआयचा स्टुडिओ नोव्हेंबर १९३१ मध्ये उघडला. तिथले तंत्रज्ञ प्रयोगशाळेतले असावेत तसे पांढरे डगले घालत. कोणत्या वाद्यापासून मायक्रोफोन किती दूर ठेवायचा याचे नियम होते आणि ते मोडायला परवानगी लागे. काम शिकण्याचा मार्ग एकच, उमेदवारी. जेफ एमेरिक १९६२ मध्ये शाळा सोडताच तिथे साहाय्यक म्हणून लागला. टेप लावणे, बटणे दाबणे, नोंदी ठेवणे आणि शेजारी उभे राहून पाहणे हे त्याचे शिक्षण. १९६६ मध्ये बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’साठी तो मुख्य अभियंता झाला तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याने ढोलाजवळ मायक्रोफोन नियमापेक्षा कितीतरी जवळ नेला. नियम आतून शिकलेला असल्यामुळे तो कुठे मोडायचा हेही त्याला कळले.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातही शिक्षण याच पद्धतीचे होते. संगीतकाराची चाल, संयोजकाने लिहिलेली स्वरलिपी आणि एका दालनात एकत्र बसलेले कितीतरी वादक. या वादकांत गोव्याचे लोक फार मोठ्या संख्येने होते. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई आणि ती विद्या मुंबईत उपयोगी पडली. सेबॅस्टियन डिसूझा हे शंकर-जयकिशन यांचे संयोजक. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. गायक, वादक आणि रेकॉर्डिस्ट एकाच वेळी कामाला लागत. एकाची चूक झाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. या शिस्तीत नव्या वादकाचे कान तयार होत, कारण शेजारी बसलेला जुना वादक काय करतो हे त्याला दिवसभर ऐकू येई.

या शाळेचे दार मात्र अरुंद होते. ओळख, शहर, जात-वर्ग, लिंग हे सगळे आड येई. ध्वनियंत्रणेच्या बाजूला स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच. ब्रिटनमध्ये डॅफ्नी ओरॅम यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपची स्थापना होण्यासाठी खटपट केली. १९५८ मध्ये ते सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी त्या तिथून बाहेर पडल्या. केंट परगण्यातल्या आपल्या घरी त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि प्रकाशाच्या साहाय्याने, फिल्मवर काढलेल्या आकृत्यांतून ध्वनी निर्माण करणारे यंत्र त्या तिथेच घडवत राहिल्या. संस्थेत जे करायला वाव नव्हता ते घरी करणे, हा घरगुती स्टुडिओच्या इतिहासातला एक कायमचा धागा आहे.

टेप आणि लेस पॉल

चुंबकीय टेप जर्मनीत घडली. एईजी कंपनीचे मॅग्नेटोफोन यंत्र १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात दाखवले गेले. युद्धानंतर जॅक मलिन या अमेरिकी लष्करातल्या अभियंत्याने दोन यंत्रे सुटी करून मायदेशी नेली आणि गायक बिंग क्रॉस्बी यांनी त्यात रस घेतला. अँपेक्स कंपनीची यंत्रे १९४८ पासून बाजारात येऊ लागली. क्रॉस्बींनी त्यांतले एक आपला मित्र, गिटारवादक लेस पॉल याला दिले.

लेस पॉल त्याआधीच हॉलिवुडमधल्या आपल्या गॅरेजमध्ये तबकड्यांवर प्रयोग करत होता. एका तबकडीवर गिटार वाजवायची, ती वाजत असताना दुसऱ्या तबकडीवर तिच्यासह नवी गिटार टिपायची, असे थरावर थर. टेपच्या यंत्रात त्याने एक जास्तीचे हेड बसवले. टेप पुसली जाण्यापूर्वी हे हेड जुना आवाज वाचत असे. तो नव्या आवाजात मिसळून त्याच टेपवर पुन्हा लिहिला जाई. यात धोका उघड आहे. दहाव्या थरात चूक झाली तर आधीचे नऊही गेले. शिवाय दर वेळी जुना आवाज थोडा मळतो, टेपची खरखर वाढते. म्हणून लेस पॉलने उलटा क्रम धरला. कमी महत्त्वाचे भाग आधी आणि मुख्य सूर सर्वांत शेवटी, म्हणजे तो स्वच्छ राहतो. संपूर्ण गाणे आधी डोक्यात वाजलेले असल्याखेरीज हे करता येत नाही. मेरी फोर्डबरोबर त्याने अशा रीतीने घरी केलेले ‘हाऊ हाय द मून’ १९५१ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. १९५७ मध्ये अँपेक्सने त्याच्यासाठी आठ ट्रॅकचे यंत्र बनवले. त्यात प्रत्येक थराला टेपवर स्वतःची वेगळी पट्टी होती. एक पट्टी पुसून पुन्हा भरली तरी बाकीच्या सात शाबूत.

लंडनमध्ये जो मीक याने ३०४ हॉलोवे रोड इथे, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या भाड्याच्या मजल्यांवर संसार आणि स्टुडिओ एकत्रच थाटला. वादक एका खोलीत, गायक कधी न्हाणीघरात (तिथल्या फरशीमुळे आवाज घुमतो), तारवाद्ये कधी जिन्यावर. १९६२ चे ‘टेलस्टार’ हे वाद्यसंगीत तिथे तयार झाले आणि ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोहोचले. मीकला स्वरलेखन येत नव्हते, पण त्याने आधी व्यावसायिक स्टुडिओंत नोकरी केली होती. क्रॉस्बीचा मित्र लेस पॉल, स्टुडिओतून बाहेर पडलेला मीक, बीबीसीतून आलेल्या ओरॅम : घरी मुद्रण करणारी ही पिढी आतल्या गोटातली होती. ज्याला आतले काहीच ठाऊक नाही अशा माणसाच्या हाती अजून काही आले नव्हते.

कॅसेटवरचे चार ट्रॅक

फिलिप्सची कॅसेट १९६३ ची. ती बोलणे टिपण्यासाठी होती, संगीताच्या दृष्टीने तिचा दर्जा सुमार होता. १९७९ मध्ये जपानच्या टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे यंत्र आणले. चार ट्रॅकचा रेकॉर्डर आणि छोटा मिक्सर एकाच पेटीत, आणि टेप म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी साधी कॅसेट. यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. साध्या कॅसेटवर एका बाजूला डावा-उजवा असे दोन ट्रॅक असतात आणि पलटल्यावर दुसऱ्या बाजूला आणखी दोन. पोर्टास्टुडिओने हे चारही ट्रॅक एकाच दिशेला वापरले, शिवाय टेप सेकंदाला ४.७५ सेंटिमीटरऐवजी दुप्पट वेगाने पळवली, कारण वेग वाढला की आवाज अधिक स्वच्छ उमटतो. परिणामी साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधरा मिनिटेच मावत.

चार ट्रॅकवर ढोल, बास, गिटार, कीबोर्ड, गळा आणि दुसरा गळा कसे बसवायचे? पहिले तीन भरायचे, त्या तिघांचे मिश्रण चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे. पण एकदा मिश्रण उतरवले की बास जरा जास्त झाला म्हणून तो नंतर कमी करता येत नाही. निर्णय तिथल्या तिथे घ्यायचा आणि त्याचे फळ गाणे संपेपर्यंत भोगायचे. लेस पॉलच्या एका टेपवरल्या कसरतीतून जे शिक्षण झाले, तेच आता हजारो अनोळखी मुलामुलींचे आपापल्या खोलीत होऊ लागले. त्यांना शेजारी उभा राहून दाखवणारा रेकॉर्डिस्ट नव्हता. त्याची जागा यंत्राबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेने आणि मासिकांनी घेतली. ब्रिटनमधले ‘साउंड ऑन साउंड’ हे मासिक १९८५ मध्ये सुरू झाले. मायक्रोफोन कुठे ठेवावा हे ज्ञान आता छापील आणि विकत मिळणारे झाले. माझ्या मते यंत्राइतकीच ही घटना मोठी आहे.

पोर्टास्टुडिओची गोष्ट सांगताना ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’चे उदाहरण नेहमी दिले जाते. १९८२ च्या आरंभी न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात त्याने गिटार घेऊन या यंत्रावर गाणी टिपली. नंतर आपल्या वाद्यवृंदाला ती शिकवावीत एवढाच हेतू होता. स्टुडिओत वाद्यवृंदासह प्रयत्न झाले, पण कॅसेटवरचा एकटेपणा काही केल्या येईना. अखेर त्या कॅसेटवरूनच तबकडी निघाली. ही कथा घराने स्टुडिओवर मिळवलेला विजय म्हणून रंगवतात. ती पुरती तशी नाही. कॅसेटवरचा फिका आणि खरखरीत आवाज तबकडीवर नीट कोरला जावा म्हणून व्यावसायिक तंत्रज्ञांना बरेच झगडावे लागले. आणि ज्याच्यासाठी ते झगडले तो आधीच मोठ्या कंपनीचा यशस्वी गायक होता. त्याच यंत्रावर त्याच वर्षी काम करणाऱ्या इतर कोणाची कॅसेट इतक्या आस्थेने कोणी सोडवली असती असे वाटत नाही.

भारतात : कॅसेट, कीबोर्ड आणि कोडंबक्कमचे घर

भारतात कॅसेटने आधी वितरण बदलले. १९८० च्या दशकात ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली, लहान-लहान उत्पादक उभे राहिले आणि प्रादेशिक बोलींतली, भक्तीची, जातीजमातींची गाणी बाजारात आली. महाराष्ट्रात भीमगीते आणि लोकगीते कॅसेटवरून वस्त्यावस्त्यांत पोहोचली. अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातल्या या बदलावर १९९३ मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हा ग्रंथ लिहिला. मुद्रण मात्र अजून बहुधा स्टुडिओतच होई, मग तो कितीही लहान असो.

मुद्रण घरी आणायला कारण झाले ते मिडी. १९८३ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांची विद्युत वाद्ये एका तारेने एकमेकांशी बोलू लागली. मिडीच्या तारेतून ध्वनी जात नाही, सूचना जातात : कोणता स्वर, केव्हा, किती जोरात, कधी सोडला. त्यामुळे एक माणूस कीबोर्डसमोर बसून ढोल, बास, तारवाद्ये अशा सगळ्यांच्या सूचना लिहू शकतो, चुकलेला स्वर नंतर सुधारू शकतो, आणि टेपवरची जागा फक्त गळ्यासाठी राखू शकतो.

ए. आर. रहमान यांचे वडील आर. के. शेखर मल्याळम चित्रपटसंगीतातले संगीतकार व संयोजक होते. १९७६ मध्ये ते गेले तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. वडिलांची वाद्ये भाड्याने देऊन घर चाले. किशोरवयातच रहमान चेन्नईच्या स्टुडिओंत कीबोर्ड वाजवू लागले, पुढे जाहिरातींची गाणी करू लागले. १९८९ मध्ये त्यांनी कोडंबक्कम इथल्या घराच्या आवारात ‘पंचतन रेकॉर्ड इन’ हा स्टुडिओ बांधला. १९९२ च्या ‘रोजा’ चित्रपटाचे संगीत या वातावरणातून आले आणि पहिल्याच चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरच्या स्टुडिओने त्यांना दिलेली मुख्य गोष्ट म्हणजे वेळ. तासाचे भाडे चढत नसल्याने एकेका आवाजाशी हवे तितके खेळता आले. पण हेही आतल्याच घरातले मूल होते, हे विसरू नये.

याच काळात मुंबईतली मोठी दालने रिकामी होऊ लागली. एक वादक एका वेळी येऊन आपला तुकडा वाजवून जाऊ लागला. व्हायोलिनवाल्यांच्या रांगेचे काम कीबोर्डवर होऊ लागले. ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या पुस्तकात या वादकांच्या आठवणी आहेत. घरगुती स्टुडिओच्या इतिहासाच्या जमाखर्चात ही बाजूही मांडली पाहिजे. ज्या सोयीने एका तरुणाला दार उघडले, त्याच सोयीने शेकडो वादकांची रोजी गेली आणि त्यांच्या शेजारी बसून शिकण्याची जागाही गेली.

संगणक आणि खोली

पुढचा भाग सर्वांना परिचित आहे. १९९१ मध्ये प्रो टूल्स आले, २००० मध्ये ऑडॅसिटी हे मोफत व मुक्त सॉफ्टवेअर, २००४ मध्ये ॲपलच्या संगणकांबरोबर गॅरेजबँड. ट्रॅकची मर्यादा व्यवहारात संपली, पुसलेले परत आणता येऊ लागले. बिली आयलिशचा २०१९ चा पहिला अल्बम तिच्या भावाच्या, फिनियसच्या, लॉस एंजेलिसमधल्या छोट्याशा झोपायच्या खोलीत झाला आणि जानेवारी २०२० मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले.

यंत्र स्वस्त झाले, पण खोली तशीच राहिली. घरी मुद्रण शिकणारा विद्यार्थी अडतो तो बहुधा इथे. समजा, समोरासमोरच्या दोन भिंतींत तीन मीटर अंतर आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला दुप्पट अंतराने, म्हणजे सहाने भागले की ५७ येतात. या खोलीत ५७ हर्ट्झच्या आणि त्याच्या दुपटी-तिपटीच्या, म्हणजे ११४ व १७१ हर्ट्झच्या, कंपनांना भिंती उचलून धरतात. छतही तीन मीटरवर असेल तर तीच कंपने आणखी फुगतात. तंबोऱ्याच्या खर्जाची तार आणि डग्ग्याचा घुमारा याच पट्ट्याच्या आसपास असतात. मग मायक्रोफोन भिंतीलगत असला तर डग्गा नको तितका गडगडतो, खोलीच्या मधोमध असला तर नाहीसा होतो. लोक भिंतीला गोधडी किंवा अंड्यांचे पुठ्ठे लावतात. गोधडीने वरच्या पट्टीतला घुमारा कमी होतो, पुठ्ठ्याने तेवढाही नाही. पण ५७ हर्ट्झची लहर सहा मीटर लांब असते, बोटभर जाडीच्या कापडाला ती दाद देत नाही. उपाय साधा आहे आणि फुकट आहे : वादकाची आणि मायक्रोफोनची जागा बदलून पाहणे. १९०२ मध्ये गैसबर्ग कर्ण्यासमोर कलावंताला पुढे-मागे करत होता, तेच हे काम.

स्वाध्याय : मोबाइलमधला साधा ध्वनिमुद्रक घ्या. एकाच खोलीत एकाच माणसाला तोच सूर किंवा तोच ठेका तीन ठिकाणी बसवून वाजवायला सांगा : कोपऱ्यात, भिंतीपासून हातभर अंतरावर आणि खोलीच्या मधोमध. मोबाइल दर वेळी वाद्यापासून सारख्याच अंतरावर ठेवा. मग कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारे उघडून त्याच्यासमोर चौथे मुद्रण करा. चारही मुद्रणे, कोणते कुठले हे न सांगता, वर्गातल्या दुसऱ्या कोणाला ऐकवा आणि त्याने वर्णनासाठी वापरलेले शब्द लिहून घ्या. खोलीची लांबी, रुंदी व उंची मोजून वरील हिशेब मांडा आणि ते शब्द त्या आकड्यांशी ताडून पाहा.